सव्वीसजणी आणि एक कुंडी

माझ्या सिनेमात माणूस नाही. फरशी आहे, बादल्या आहेत, काचा आहेत, लिफ्टचं चकचकीत बटण आहे. एका शॉटमध्ये तर मॉप एकटाच भिंतीला टेकून उभा आहे आणि इतका छान उभा आहे की अभिनयाचं बक्षीस त्यालाच द्यावं. पण माणूस नाही. अकरा दिवसांचं शूटिंग, तेही साडेचारला उठून. मी. जिला शाळेसाठी उठवायला आईला तीन हाका आणि एक पाण्याचा हबका लागतो, ती मी.

आमच्या फिल्म क्लबच्या सरांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "ही भुताची गोष्ट आहे का?"

"नाही सर. सफाई करणाऱ्या बायका युनियन काढतात, त्याची आहे."

"मग बायका कुठे आहेत?"

आता सरांना काय सांगू. बायका दाराच्या मागे आहेत, सर. खांबाच्या मागे आहेत. एक मावशी तर ढकलगाडीच्या मागे उकिडवी बसलीय, नीट बघितलं तर तिची चप्पल दिसते.

त्याचं असं आहे. आई आणि तिच्यासोबतच्या पंचवीसजणी एका सहा मजली काचेच्या ऑफिसात सफाई करतात. पहाटे पाच ते आठ. आठ वाजता ऑफिसवाले येतात, आणि मुकादमाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे की ऑफिसवाल्यांना फरशी दिसली पाहिजे, फरशी पुसणारी दिसता कामा नये. दिसली तर तिचा तो दिवस भरला नाही असं धरायचं. आम्ही ह्या देशात आलो त्याच महिन्यात आई तिथे लागली, त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत काय झालंय, तर पावलांचा आवाज आला की ह्या बायका आपोआप बाजूला होतात. ठरवून नाही हां. डोळ्यात कचरा जायच्या आधी पापणी मिटते ना, तसं. आणि कॅमेरा घेऊन मी आले की माझ्याही पावलांचा आवाज होतोच.

"आई, फ्रेममध्ये राहा ना."

"राहिलेय की."

"तू दाराच्या मागे आहेस."

"तुला पुढे जायला जागा दिली."

"मला पुढे जायचं नाहीये. मला तू हवी आहेस."

"मला काय बघायचंय, घरी बघतेस रोज. ती काच बघ, कशी निघालीय."

अकरा दिवस हाच संवाद. मी हात टेकले. मुकादमाला मी नुसता शाळेचा प्रोजेक्ट म्हणून सांगितलं होतं. तसा तो असता तर मी सरळ शेजारच्यांच्या मांजरीवर फिल्म केली असती, मांजर निदान कॅमेऱ्यासमोर बसून अंग तरी चाटते. पण ह्यात आईची नोकरी अडकली होती.

झालं होतं असं की दोन महिन्यांपूर्वी आमची चष्मेवाली मावशी ऑफिसच्या जिन्यावरून बादलीसकट घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हॉस्पिटलवाल्यांनी कंपनीला फोन केला, तर कंपनी म्हणाली, ह्या नावाचं इथे कोणी काम करत नाही. सफाईला आमच्याकडे नऊ माणसं आहेत, ही त्यात नाही. नऊ. सहा मजले, चौदा बाथरूम, दोनशे काचा आणि नऊ माणसं. बाकीच्या सतराजणींची नावं कुठल्याच कागदावर नाहीत. मुकादम मागच्या दाराने एकाच कार्डावर सगळ्यांना आत घेतो आणि तसाच बाहेर काढतो.

मावशी प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून तिसऱ्या दिवशी कामावर आली, डाव्या हाताने काचा पुसायला लागली आणि पुसता पुसता म्हणाली, "बायांनो, माझा हात कोणाचाच नाही म्हणे. आता युनियनच काढू या."

मावशी बोलायला फटकळ, पण बोलली की करते. तिने पंचवीसजणींच्या सह्या घेतल्या. आईची सही सगळ्यात शेवटी, कारण आई सही करण्याआधी टेबल पुसत होती. अर्ज कामगार कार्यालयात गेला. तिकडून पत्र आलं, ते मीच सगळ्यांना वाचून दाखवलं, कारण इथली भाषा धडधड वाचता येणारी त्यांच्यात मीच एक. पत्रात होतं की एका जागी निदान वीस कामगार असतील तरच युनियनची नोंद होईल. कंपनी म्हणते नऊ आहेत, तुम्ही म्हणता सव्वीस. म्हणून गुरुवारी सकाळी सात वाजता आमच्या अधिकारी स्वतः येतील, आणि प्रत्यक्ष काम करताना जेवढ्या आढळतील तेवढ्याच मोजतील. भाषेसाठी सोबत कोणी आणायचं असेल तर आणा.

मुकादमाला ह्या पत्राचा सुगावा लागला. तो आईला म्हणाला, "वीस भरल्या नाहीत ना, तर पुढच्या महिन्यात सगळी नवी माणसं आणतो. बायकांना काय तोटा आहे."

म्हणजे बघा. गुरुवारी फक्त दिसायचं होतं. भाषण नाही, मोर्चा नाही. हातात मॉप घ्यायचा आणि उभं राहून फरशी पुसायची, जी त्या बारा वर्षं पुसतायत. एवढं सोपं काम जगात दुसरं नाही. आणि माझ्याकडे अकरा दिवसांचा पुरावा होता की हेच एक काम ह्या बायकांना जमत नाही.

म्हणून मी बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी तालीम ठेवली. दोन खोल्यांत सव्वीसजणी. पाच भाषा, पण पाचही भाषांत सगळ्यांना येणारं एक वाक्य होतं, 'पुसलंय, पाय ठेवू नका.' बाकी इथल्या मोडक्यातोडक्या भाषेवर भागवायचं. आमचे बाबा हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला आहेत, त्यांना गर्दीची सवय आहे. ते वॉशिंग मशीनवर चढून बसले आणि म्हणाले, "चालू दे तुमचं."

मी बाबांचा कोट घातला. "मी अधिकारी आहे. मी स्वयंपाकघरातून दारापर्यंत चालत जाणार. तुम्ही आपापलं काम करत राहायचं. कळलं?"

"कळलं," सगळ्या म्हणाल्या.

मी चार पावलं टाकली. भिंतीला चिकटल्या सगळ्या. दोघी पडद्यामागे. जी सहाव्या मजल्याची बाथरूम करते ती बारीक मावशी तेवढी पोळपाट पुसत जागेवर राहिली होती. आणि पुढारी चष्मेवाली मावशी कुठे? बाथरूममध्ये. आतून कडी.

"मावशी, तूसुद्धा?"

"अगं, तुझे बूट वाजले," आतून आवाज आला. "पायच उचलले गेले."

पाच वेळा केलं. पाचव्यांदा निम्म्या जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा मी खूश झाले. मग मी म्हटलं, "आणि एक. उद्या काम अर्धवट ठेवायचं. सातला त्या येतील तेव्हा फरशी ओली हवी, काचांना साबण हवा, बादल्या भरलेल्या हव्यात. नाहीतर काय करताना दिसणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरी करायला सांगितलं.

"सरकारची बाई येणार आणि जागा घाण ठेवायची?" आई म्हणाली.

"घाण नाही गं. अर्धवट."

"अर्धवट मी आयुष्यात काही ठेवलं नाही. तुझ्या ताटातलंसुद्धा मीच संपवते."

"आई."

"पहिल्यांदाच कोणीतरी आमचं काम बघायला येतंय. बघू दे की नीट."

"काम नाही बघायचंय त्यांना, तुम्हाला बघायचंय." माझा आवाज चढला. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे, आता चढतो, काय करू. "त्यांना चकचकीत फरशी दिसली तर त्या लिहितील, फरशी चकचकीत आहे. फरशीला युनियन मिळेल, तुम्हाला नाही."

मशीनवरून बाबा म्हणाले, "अति तेथे माती. पोरगी बरोबर बोलतेय."

शेवटी आई म्हणाली, "बरं बाई, ठेवते अर्धवट. तुझी शपथ." माझी शपथ घेतली हो तिने. डोक्यावर हात ठेवून.

गुरुवारी शाळेला उशिरा येईन अशी चिठ्ठी देऊन मी अधिकारी मॅडमबरोबर बरोबर सातला ऑफिसच्या पुढच्या दारात उभी होते. पुढच्या दारातून मी पहिल्यांदाच जात होते. मॅडम बुटक्या, गंभीर, हातात फळी आणि फळीला कागद. त्यांनी घंटा वाजवली. मुकादमाने दार उघडलं. तो नको इतका गोड हसत होता.

आत गेलो.

तो हॉल बघायला हवा होता तुम्ही. खालपासून सहाव्या मजल्यापर्यंत मोकळा, चारी बाजूंना मजल्यांचे सज्जे, खाली पांढरी फरशी. त्या फरशीत मॅडम उलट्या दिसत होत्या, पायाखाली पाय. एक डाग नाही. एक बादली नाही. एक बाई नाही. फक्त डावीकडे कागदावरच्या नऊजणी निळे कोट घालून रांगेत उभ्या, हातात काही नाही, नजर खाली, आणि त्यांच्या शेजारी मुकादम.

शपथ. माझी शपथ.

मला नंतर कळलं काय झालं ते. प्रत्येकीने एकच विचार केला होता. बाकीच्या ठेवतीलच की अर्धवट, मी माझा एक मजला पूर्ण करते, तेवढ्याने काय होतंय. हा एकच विचार पंचवीसजणींनी पंचवीस ठिकाणी केला. चारलाच येऊन बसल्या होत्या, अजून चांगलं व्हावं म्हणून. मुकादमानेही खुशाल आत घेतलं, घंटा वाजली की ह्या नाहीशा होतात हे त्याला पक्कं माहीत. साडेसहाला सगळं लखलखीत. मग सातला पुढच्या दाराची घंटा वाजली. ती घंटा म्हणजे ऑफिसवाले आले. पाय उचलले गेले.

मी मोबाइल काढला आणि खिशात ठेवला. कामावर त्यांचे फोन मुकादमाच्या कपाटात असतात.

"बाकीचे कामगार?" मॅडमनी विचारलं.

"हेच नऊ," मुकादम म्हणाला. "बाकी सगळं मशीन करतं."

"कुठलं मशीन?" मी म्हटलं.

"तू भाषेसाठी आलीस ना? मग भाषाच कर."

मॅडमनी नऊजणींना विचारलं, तुमच्याबरोबर अजून कोण काम करतं. मी विचारून सांगितलं. मुकादम हलकेच खोकला. नऊच्या नऊ फरशीकडे बघत राहिल्या.

मग आम्ही सहा मजले फिरलो. सहाही मजल्यांवर फिनेलचा वास आणि शांतता. बाथरूमच्या दारावर मॅडमनी फक्त नजर टाकली. सामानाच्या खोल्या बंद. "किल्ल्या मालकांकडे असतात," मुकादम म्हणाला. मी एका दारावर टकटक केली आणि दाराच्या फटीत तोंड घालून म्हटलं, "मी आहे गं." आत कोणीतरी श्वास रोखला. मी तो ऐकला, शपथेवर सांगते.

"मॅडम, त्या आत आहेत," मी म्हटलं. "मी बोलावते, सगळ्या बाहेर येतील."

मॅडमनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. त्या वाईट नव्हत्या. "बाळा, बोलावून आणलेली माणसं मला मोजता येत नाहीत. उद्या कोणीही रस्त्यावरून पन्नास बायका आणून उभ्या करील. काम करताना दिसल्या तरच लिहिता येतं. इथे काम कुठे चाललंय?"

बरोबर होतं त्यांचं. काम नव्हतंच. सगळं काम करून टाकलं होतं ना आमच्या हुशार बायकांनी.

आम्ही परत खाली आलो. मॅडमनी फळी रिसेप्शनच्या टेबलावर टेकवली आणि पेनाचं टोपण काढलं. त्याच टेबलावर मी आल्या आल्या कॅमेरा ठेवला होता, हॉल दिसेल असा, चालू करून. सिनेमाचा शेवट आपोआप मिळेल म्हणून. मिळत होता, अगदी मस्त. मोकळा हॉल आणि एक बाई कागदावर नऊ लिहितेय.

मला इतका राग आला होता. मुकादमाचा कमी, आईचा जास्त. मुकादम लबाडच आहे, तो त्याचं काम करत होता. पण ही बाई मला 'केस विंचर', 'दिवा बंद कर', 'अभ्यास कर' दिवसातून शंभरदा सांगते, मी तिला एकच गोष्ट सांगितली होती.

हॉलच्या मधोमध एक कुंडी असते. गुडघ्याएवढी, रुंद पानांची. ती पानं आई रोज ओल्या फडक्याने पुसते, वरून आणि खालूनही. खालून कोण बघतं हो? कोणी नाही. त्या सकाळी पाणीसुद्धा घालून झालं होतं.

मी कुंडीला खांदा लावला.

ती पडली तो आवाज सहाही मजल्यांवर जाऊन परत आला. काळा चिखल पांढऱ्या फरशीवर पार लिफ्टपर्यंत गेला.

"ए पोरी," मुकादम ओरडला.

"चुकून," मी म्हटलं, आणि चिखलात पाय ठेवला. मग दुसरा. मग मी चालायला लागले. दारापर्यंत गेले, परत आले. आमच्या शाळेच्या बुटांना खाली चांगली खोल नक्षी असते. एकेक ठसा सुंदर उठला.

रांगेतली तिसरी मावशी पुढे झुकली. मुकादमाने तिच्याकडे डोळे वटारले, ती परत सरळ झाली, पण तिच्या हाताची बोटं उघडमीट करत होती.

वर काहीच नाही. शांतता.

मग मी काचेच्या दाराशी गेले. ही काच चष्मेवाली मावशी डाव्या हाताने पुसते, हे मला माहीत होतं. सॉरी मावशी. मी चिखलाने भरलेला अख्खा पंजा त्या काचेवर ठेवला आणि हळूहळू खाली ओढला.

दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यातून चष्मेवाल्या मावशीचा आवाज आला. "अगं ए बये, काय करतेस हे."

आणि दारं उघडली. एक लिफ्टशेजारचं, एक जिन्याखालचं, वरची, त्याच्या वरची. आई सगळ्यात पुढे, दोन हातांत दोन बादल्या, काखेत मॉप. तिच्यामागे बाकीच्या. कोणी मॅडमकडे बघितलं नाही, कोणी मुकादमाकडे बघितलं नाही. त्यांना फक्त फरशी दिसत होती. रांग मोडून निळे कोटही धावले. कोणी माती सुपलीत भरतेय, कोणी जिन्याखालच्या नळाला बादली लावतेय, कोणी झाडाला उचलून मुळं झाकतेय, मावशी प्लास्टर सांभाळत काचेशी, तोंडाने माझा उद्धार चालू. पाच भाषांत एकच वाक्य, 'पाय ठेवू नका.' मॅडमनाही दोनदा ऐकवलं. मॅडम मुकाट्याने टेबलाजवळ सरकल्या आणि पेनाने हवेत टोचत मोजायला लागल्या.

"तेवीस. चोवीस. पंचवीस. तुम्ही सव्वीस म्हणाला होता."

मीही मोजलं. पंचवीस. एवढ्यात जिन्यावरून बारीक मावशी आली. हातात ब्रश, हातमोजे कोपरापर्यंत, चेहरा त्रासलेला.

"तू सांगितलंस ना अर्धवट ठेवायला," ती मला म्हणाली. "मी सहाव्या मजल्यावर कधीची एक बाथरूम अर्धवट ठेवून बसलेय. तिकडे कोणी आलंच नाही."

मॅडमनी नऊ खोडलं.

"हे नाटक आहे, मॅडम," मुकादम म्हणाला. "त्या पोरीने मुद्दाम पाडली कुंडी. ह्या बायका मी कधी पाहिलेल्या नाहीत. कुठून घुसल्या काय माहीत."

"पाडली तिने, ते मी पाहिलं," मॅडम म्हणाल्या. "पण जिन्याखाली नळ आहे हे ह्यांना कोणी सांगितलं? सुपली कुठल्या खोलीत आहे ते? तुम्ही मला आत्ताच म्हणालात, खोल्यांच्या किल्ल्या मालकांकडे असतात."

मुकादमाने खिशात किणकिणणाऱ्या किल्ल्या मुठीत दाबल्या. ती खिशातली मूठ माझ्या कॅमेऱ्यात आहे.

मॅडमनी सव्वीस लिहिलं, खाली सही केली, आणि सगळ्यांची नावं एकेक करून विचारली. मी सांगत गेले. चष्मेवाली मावशी नाव सांगून झाल्यावर हलेना. "तिला विचार," ती मला म्हणाली, "आता माझा हात कोणाचा ते." मॅडमनी तिच्या नावापुढे आणखी दोन ओळी लिहिल्या, प्लास्टरकडे बघून, तारखेसकट. मावशीने चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला, परत काढला.

मला वाटलं, आता आई येईल, मिठी मारेल. सिनेमात तसंच असतं. आई आली खरी. सरळ टेबलाकडे, सरळ कॅमेऱ्याच्या समोर, फ्रेमच्या बरोबर मध्ये, जिथे मी तिला अकरा दिवस उभी करायला बघत होते.

"काही लाजलज्जा?" ती म्हणाली. "लोकांच्या जागेत चिखल? हे शिकवतात शाळेत? आणि बूट बघ. तेच बूट घालून जाणार आहेस वर्गात? ते पान मोडलं ना, ते वर्षात एकच येतं, माहितेय?"

"आई, तू शपथ घेतली होतीस. अर्धवट ठेवीन म्हणून."

आईने हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली.

"एक टेबल ठेवलं होतं मी," ती हळूच म्हणाली. "चौथ्या मजल्यावर. अर्धं. मग राहवेना."

आणि तिने मॉप माझ्या हातात दिला. "ते दाराशी तुझे ठसे आहेत. ते तू काढायचेस."

मी दाराशी गेले, मॉप पिळला, पुसायला लागले. चार हात पुसलं आणि मागे वळून बघितलं, तर पुसलेल्यावर माझेच नवे ठसे. सव्वीसजणी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"मागे मागे सरक गं," आई म्हणाली. "पुढे काय चालतेस. बारा वर्षं काय बघितलंस तू माझं?"